चांगल्या कोपऱ्याची माती

नागपुरातल्या एका माती तपासणी प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं काम करते. लग्नकार्यात कुणी "आपण काय करता?" म्हणून विचारलं आणि मी "माती तपासते" असं सांगितलं, की समोरचा माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर सहानुभूतीनं मान हलवतो, नाही तर घरच्या कुंडीतल्या गुलाबाला कळ्या का धरत नाहीत ते विचारतो. गुलाबातलं मला काही कळत नाही. माझ्या घरी एकच कुंडी आहे आणि तिच्यात कोरफड आहे, कारण ती सहसा मरत नाही.

काम तसं साधं आहे. शेतकरी अर्धा किलो माती आणतो. आम्ही ती सावलीत वाळवतो, कुटतो, चाळतो, एका द्रावणात घालून हलवतो आणि गाळतो. गाळलेलं पाणी वेगवेगळ्या यंत्रांना पाजायचं. पालाश, म्हणजे ज्याला सगळे पोटॅश म्हणतात, ते मोजायचं यंत्र मला सर्वांत आवडतं. त्यात एक छोटी ज्योत असते. मातीचं पाणी तिच्यावर बारीक फवारलं जातं आणि ज्योतीतल्या उजेडावरून यंत्र पालाशचा आकडा सांगतं. यंत्र खोटं बोलत नाही. पण त्याला जे पाजाल त्याबद्दलच ते खरं बोलतं, ही त्याची मर्यादा. माझ्या नोकरीतल्या बहुतेक भानगडी या एका मर्यादेतून निघाल्या.

काटोलकडचे एक गृहस्थ खताच्या रिकाम्या पोत्याचा तुकडा कापून त्यात माती बांधून घेऊन आले. पोतं पोटॅशचंच होतं. आकडा असा आला, की मी त्यांना म्हटलं, "काका, शेती बंद करा, खाण सुरू करा." त्यांनी ते गंभीरपणे घेतलं आणि परवानगी कुठे मिळते ते विचारलं.

दुसरे एक जण नव्या लेआउटमधल्या प्लॉटची माती घेऊन आले. वास्तूसाठी शुभ आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हटलं, सामू, म्हणजे पीएच, थोडा जास्त आहे. "म्हणजे चांगलं का वाईट?" म्हटलं, "लिंबाच्या झाडाला जरा जड जाईल, माणसाला चालेल." ते समाधानानं गेले. पुढे वास्तुशांतीची पत्रिकाही आली.

मौद्याकडचे एक म्हातारे तर टेबलावरच चिमूटभर माती जिभेवर ठेवून म्हणाले, "खारी आहे. आता तुमची मशीन काय म्हणते ते पाहू." यंत्रानं दोन दिवसांनी तेच सांगितलं. त्या दिवसापासून मी चवीला नावं ठेवत नाही. मात्र स्वतः चाखत नाही. माती कुठून आली याची मला कल्पना असते.

पण मला सांगायचं आहे ते कांद्याचं.

आमच्याकडे एक वाक्य सगळ्यांना पाठ आहे: काळ्या मातीत पालाश भरपूर, वरून द्यायची गरज नाही. मी स्वतः ते शेकडो वेळा म्हटलं आहे. काळ्या मातीपुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे. गडबड अशी, की लोक ते हलक्या जमिनीलाही लावतात. नरखेड तालुक्यात काळ्या शिवाराच्या कडेनं बरड पसरलेलं असतं, मुरमाड, दगडगोट्यांचं. ती जमीन म्हणजे चाळणी. तिच्यात पालाश मुळात कमी, आणि दिलेलं पाण्याबरोबर खाली निघून जातं. आणि कांद्याला तर पालाश हवंच. पातीनं तयार केलेलं अन्न खाली कांद्यात उतरायला ते लागतं. ते असलं की कांदा घट्ट पोसतो, साल नीट धरते, काढणीच्या वेळी मान बारीक होऊन पडते आणि असा कांदा साठवणीत टिकतो. नसलं की पातीचे शेंडे जळतात, मान जाड राहते आणि कांदाचाळीत पहिल्या पावसाळी हवेला कांदा पाणी सोडतो.

वनिता आमच्याकडे आली ती नोव्हेंबरात. पस्तिशीची, बोलायला चटपटीत. नवरा धनराज कोराडीच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला, आठवडाभर तिकडेच. शेती वनिता आणि तिचे सासरे महादेवराव यांच्यात, म्हणजे दोघांच्या मध्ये अडकलेली. विहिरीजवळ तीन एकर बरड होतं. त्यावरचा जुना संत्र्याचा बगीचा वाळून गेला होता. महादेवरावांना तिथे पुन्हा संत्राच लावायचा होता. वनिताला कांदा हवा होता.

"संत्रा लावला त पाच-सहा साल नुसतं झाडाच्या तोंडाकडे पाहत बसा," ती म्हणाली. "मले नाही जमत तेवढं पाहणं."

महादेवरावांचा कांद्यावर जुना राग होता. त्यांनी एकदा गोठ्याच्या माळ्यावर कांदा साठवला होता. तो नेमका मुलीला पाहायला पाहुणे आले त्या आठवड्यात सडला. सोयरीक जमली, पण पाहुण्यांनी चहा अंगणात उभ्यानं घेतला. ते महादेवराव विसरले नव्हते. म्हणून त्यांनी सुनेला अट घातली होती, आणि वनितानं ती आमच्या टेबलापाशी, रांगेतल्या चार अनोळखी माणसांसमोर, सासऱ्यांच्या आवाजात म्हणून दाखवली:

"कांदा कोणीबी पिकवते वं. चाळीत पोळ्यापर्यंत टिकला पाह्यजे. टिकला त ते वावर तुह्यं, लाव तुले जे लावाचं ते. सडला त पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संत्र्याचे खड्डे."

"आणि तुम्ही हो म्हटलं?"

"हो म्हटलं म्हणून त माती घेऊन आली न, मॅडम. अंदाजानं नाही करत मी."

माती स्वच्छ कापडी पिशवीत होती, आत चिठ्ठी होती, चिठ्ठीवर गट क्रमांक होता. अशी पिशवी पाहिली की मला शेतकऱ्याला पेढा द्यावासा वाटतो. तपासणी झाली. पालाशचा आकडा भरपूर आला. मी कार्डावर लिहिलं, "पालाश देण्याची आवश्यकता नाही," सही केली आणि पुढची पिशवी ओढली. रब्बीची गर्दी होती. माती कुटताना हाताला रवाळ लागली होती, हे मला आठवतं. रवाळ मातीत इतकं पालाश कसं, हा प्रश्न एक क्षण मनात आलाही. तेवढ्यात कुणी तरी दुपारच्या चहाला हाक मारली आणि मी गेले. सव्वीस वर्षांत घेतलेल्या चहांपैकी तो एक मी परत करायला तयार आहे.

रोपं जानेवारीच्या सुरुवातीला लावली गेली. फेब्रुवारी संपत आला तेव्हा माझ्या मोबाइलवर वनिताचे फोटो यायला लागले. जुन्या पातींचे शेंडे पिवळे, मग तपकिरी, मग कागदासारखे. गावातल्या कृषी केंद्रवाल्यानं करपा सांगून दोनदा फवारणी करायला लावली होती. फरक शून्य. आता तो म्हणत होता, युरिया टाका, पीक अशक्त आहे. खाली सासऱ्यांबद्दल तिचा एक निरोप: "मामाजी रोज सकाळी बांधावर उभे राहून खड्ड्याचं अंतर मोजून राहिले."

मी तिला कळवलं, युरियाला हात लावू नकोस. शनिवारी सकाळी नरखेडची एसटी पकडली. स्टँडवर वनिता मोटारसायकल घेऊन उभी होती. तिच्या मागे बसून मी वावरात पोचले, तेव्हा माझी कंबर आणि मी वेगवेगळ्या वेळी उतरलो.

महादेवराव धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभेच होते. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, सत्तरी ओलांडलेली. "या मॅडम. तुमच्या कांद्याले पाहा. बिमार आहे."

"माझा कसा?"

"कागद तुमचा, मग कांदा तुमचाच."

बोलणं बरोबर होतं. मी वाफ्यांतून चालत गेले. पायाखाली मुरूम करकरत होता. तीन एकरभर पातींचे शेंडे जळलेले. आणि मग विहिरीकडच्या कोपऱ्यात मी थांबले. तिथे पंधरा-वीस पावलांच्या तुकड्यात कांदा हिरवागार उभा होता, शेंड्यापासून बुडापर्यंत. तीच रोपं, तेच पाणी, तोच दिवस. मी खाली बसून माती हातात घेतली. काळपट, भुसभुशीत, पण बोटांना तशीच रवाळ.

"या कोपऱ्यात काय होतं?"

"काय राहणार?" महादेवराव म्हणाले. "दरसाल पऱ्हाटी उपटली की इथंच ढीग लावून जाळतो आम्ही. पलीकडच्या वावरातलीबी. माह्या बापापासून हीच जागा."

वर्षानुवर्षं कपाशीची धसकटं जाळून झालेली राख, सगळी या एका कोपऱ्यात. लाकडाच्या राखेत पालाश असतं. मी वनिताकडे पाहिलं. "नमुन्याची माती कुठून काढली होती?"

"मी कुठं काढली? मी पिशवी शिवली, चिठ्ठी लिहिली. माती मामाजीनं आणून देली."

आम्ही दोघी महादेवरावांकडे वळलो. त्यांनी दुपट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"इथूनच आणली," ते म्हणाले. "काहून? नागपूरले पाठवाची माती. ऑफिसातले लोक हातात घेऊन पाहणार. मग बरडाची गोट्यावाली पाठवू का? पोरगी दाखवाले काढली त मळक्या लुगड्यात काढते का कोणी?"

वनिताचा चेहरा बदलला. आतापर्यंत ती चेष्टेत होती. "मामाजी, खरं सांगा. मुद्दाम केलं का तुम्ही? संत्रा लावता यावा म्हणून?"

महादेवराव रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. त्यांना लागलं, असं दिसलं.

"मुद्दाम कराचं असतं," ते हळू म्हणाले, "त मोटारीचं बटण माह्याच हाताखाली आहे वं. पाणी बंद केलं असतं. तुह्या कांद्यासाठी पाहाटं चारले लाइन येते तवा कोण उठते?"

वनिताला माहीत होतं कोण उठतं.

मी म्हटलं, "भांडण पुरे. चूक माझीही आहे. माती रवाळ आणि पालाश भरपूर, हे जुळत नव्हतं. मी फोन करून विचारायला हवं होतं, माती कुठून काढली. विचारलं नाही. आता फावडं आणि घमेलं आणा."

मातीचा नमुना काढायची एक रीत आहे. वावरात नागमोडी चालायचं. पंधरा-वीस ठिकाणी वीतभर खोल खड्डा करून कडेची पातळ चकती काढायची. सगळी माती घमेल्यात मिसळायची, पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. झाडाखाली, धुऱ्याजवळ, उकिरड्यावर, आणि जिथं काही जाळलं असेल तिथे जायचं नाही. उभ्या पिकात मी दोन ओळींमधून माती काढत गेले, वनितानं खड्डे केले आणि महादेवराव घमेलं धरून मागून आले. प्रत्येक खड्ड्यावर ते एक शेरा मारत होते.

"हे त एकदमच बेकार जागा आहे."

"बेकारच हवी."

"लोक हसतीन."

"प्रयोगशाळेत मीच आहे. मी हसत नाही."

"ते दिसून राहिलं," ते म्हणाले.

सोमवारी मी तो नमुना आधी लावला. पालाश कमी, अगदी तळाला. वनिताला फोन केला तर तिनं फोन स्पीकरवर ठेवला. मी सांगितलं: पांढरं पोटॅश घ्या, ज्यात गंधकही असतं. कांद्याला तेही लागतं. पण एका वेळी ओतू नका. तीन भाग करा, दर आठ-दहा दिवसांनी एक, आणि वरून हलकं पाणी. मधे पातीवर झिरो झिरो पन्नास या पाण्यात विरघळणाऱ्या पोटॅश खताची फवारणी. युरिया बंद.

मागून आवाज आला, "एकदाच देऊन टाकलं त काय होते? हप्त्याहप्त्यानं काहून?"

"महादेवराव, हलकी जमीन आहे. तिला धरून ठेवता येत नाही. एकदम दिलं की पाण्याबरोबर खाली गेलं. लहान लेकराला सकाळीच दिवसभराचं जेवू घालता का?"

मग महादेवरावांचाच आवाज, "राखच पाह्यजे असन त धनराज कोराडीहून ट्रॉलीभर आणते की. डोंगर पडला आहे तिथं. फुकट."

हा प्रश्न मला वर्षातून चारदा येतो. चुलीची राख लाकडाची, कोराडीची राख दगडी कोळशाची. दोन्ही राखाडी दिसतात एवढंच त्यांचं नातं. कोळशाच्या राखेतून कांद्याला पालाश मिळेल या आशेवर बसू नका, असं मी सांगितलं. महादेवरावांचा विश्वास बसला नाही. फुकट वस्तू निरुपयोगी असू शकते, हे माणसाला पटायला वेळ लागतो.

मी वनिताला खोटी आशा दिली नाही. उशीर झाला होता. जळलेले शेंडे पुन्हा हिरवे होणार नव्हते आणि कांदा आकारानं कमी भरणार होता. कोपऱ्यातल्या राखेनं जे वर्षानुवर्षं केलं, ते तीन हप्त्यांत होत नाही. पण कांदा अजून पोसायचा होता, आणि टिकाऊपणा या शेवटच्या दोन महिन्यांतच ठरतो.

"टिकन?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली. "तीन हप्ते त तीन हप्ते."

एप्रिलच्या शेवटी माना पडल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. तिनं कांदा काढला, पातीसकट वाफ्यात सुकवला, सावलीत ठेवला, मग माना कापल्या. जाड मानेचा प्रत्येक कांदा तिनं बाजूला काढून आधी विकून टाकला, कारण तो टिकणारच नव्हता. पीक नेहमीपेक्षा कमी आलं. आकार मध्यम, सांगताना ती जरा हळू बोलली. उरलेला माल बांबूच्या चाळीत गेला.

मग पावसाळा आला आणि माझी परीक्षा सुरू झाली. मी दर पंधरा दिवसांनी फोन करून कांद्याची चौकशी करू लागले. घरात माझ्या आईची तब्येतही मी इतक्या नेमानं विचारत नाही, असं भावानं ऐकवलं. वनिता दर आठवड्याला चाळीतून फिरून वास घ्यायची, मऊ लागला तो कांदा बाहेर काढायची. जुलैत एक टोपली निघाली. ऑगस्टमध्ये झड लागली, आठ दिवस ऊन नाही, तेव्हा तीन टोपल्या. तिनं मला टोपल्यांचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नाही. मला त्या रात्री जेवण गेलं नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. गेलं. पण बरोबरचा कांदा मी जरा निरखून पाहिला.

पोळ्याला मी फोन केला नाही. करावासा वाटला, पण सण होता, आणि उत्तर वाईट असतं तर सणाच्या दिवशी तिला ते सांगायला लावणं बरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी केला. तिनं उचलला नाही. तिसऱ्या दिवशी खड्डे खणून झाले असतील, असं मी धरून चालले, पुन्हा विचारायचं टाळलं आणि कामाला लागले.

मग ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, टेबलासमोर पांढरं धोतर उभं राहिलं. महादेवराव एकटेच. हातात कापडी पिशवी.

"कशासाठी तपासायची?" मी फॉर्म पुढे घेतला.

"कांद्यासाठी. अजून कायसाठी?"

मी मान खाली घालून लिहिलं. आनंद झाला की मला अक्षर काढायला फार आवडतं. "म्हणजे टिकला?"

"चार-पाच टोपल्या गेल्या. बाकीचा ठणठणीत राह्यला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सारा विकला तिनं. नाक खुपसून खुपसून पाह्यलं मी चाळीत, वासच नाही."

"शेतकऱ्याचं नाव?"

"वनिता टाका."

"तुमचं नको?"

"खराब रिपोर्ट आला त नाव तिचं जाईन. माह्यं कशाले?"

मी नाव लिहिलं आणि पिशवी उघडली. आत गोटे, मुरूम आणि जेमतेम मूठभर माती. अशी दरिद्री माती मी नरखेडहून आलेली पाहिली नव्हती.

"ही कुठून काढली?"

"पहाडीच्या कडेची," ते अभिमानानं म्हणाले. "वावरातली सगळ्यात भंगार जागा. यंदा लाज सोडली, मॅडम."

"चालणार नाही. परत न्या."

"वापस? नरखेडले? चांगली आणली त नाही चालत, खराब आणली त नाही चालत!"

"सगळ्या वावरातली हवी, थोडी थोडी. पंधरा खड्डे."

"या उमरीत पंधरा खड्डे?"

"खड्डे वनिता करेल. तुम्ही फक्त घमेलं धरून तिच्या मागे चाला."

त्यांनी पिशवीचं तोंड सावकाश बांधलं, काखेत मारली आणि दाराकडे वळले.

"सालभरापासून तेच करून राहिलो," ते म्हणाले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत एसटीसाठी निघून गेले.